तीन ठिकाणी आली म्हणून बातमी खरी धरायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडमधल्या तुमच्या रस्त्यावरची झाडं रुंदीकरणासाठी तोडणार, ही बातमी एका पेपरात, एका स्थानिक पोर्टलवर आणि एका यूट्यूब चॅनेलवर आली. तीन ठिकाणी आली म्हणजे खरी समजायची का, आणि एकूणच आपल्या भागातली बातमी पारखायची कशी?

मी एका मराठी दैनिकाच्या शहर डेस्कवर नऊ वर्षं उपसंपादक होतो. बातम्या लिहिल्या कमी, कापल्या जास्त. तेव्हा हे उत्तर कात्री हातात असलेल्याचं आहे.

'तीन ठिकाणी आली' याला मी शून्य किंमत देतो. पालिकेच्या जनसंपर्क विभागाची प्रेस नोट सगळ्यांच्या मेलवर एकाच वेळी पडते. एक जण पहिले दोन परिच्छेद वरखाली करतो, दुसरा 'मुंबई : प्रतिनिधी' लावून जशीच्या तशी सोडतो, तिसरा तीच कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवतो. बातमीच्या मधलं एखादं लांब वाक्य उचला आणि अवतरणचिन्हांत टाकून शोधा. शब्दाला शब्द जुळला तर सांगणारा एकच आहे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातली 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, याच खुणेमुळे उघडी पडली होती. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेपरांत उमेदवारांचं कौतुक तंतोतंत त्याच शब्दांत छापून आलं होतं. पुढे प्रेस कौन्सिलने त्यावर अहवालही केला.

प्रेस नोट म्हणजे खोटं, असं मात्र समजू नका. पाणी बंदची बातमी प्रेस नोटवरूनच यायला हवी. तिथे धोका वेगळाच असतो. एकदा जलवाहिनीच्या दुरुस्तीची नोट आली होती, त्यात विभागवार परिसरांची लांबलचक यादी. पान लागत आलं होतं आणि बातमी चार ओळी जास्त भरत होती. मी शेवटून चार ओळी उडवल्या. त्या एन विभागाच्या होत्या, म्हणजे घाटकोपरच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आत्याचा फोन: "तुझ्या पेपरात आमचं नाव नव्हतं म्हणून मी पाणी भरलं नाही. आता भांडी काय तुझ्या पेपराने पुसू?" तेव्हापासून पाण्याची यादी मी कुठल्याही पेपरात वाचत नाही, पालिकेची मूळ नोट उघडतो. तुम्हीही तेच करा.

आता क्रियापदं. मराठी बातमीत सगळं शेवटी असतं, आणि तिथेच बातमीदाराची खात्री किती ते कळतं. 'सहायक आयुक्तांनी सांगितले' आणि 'असे समजते' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 'बोलले जात आहे', 'चर्चा रंगली आहे' असं दिसलं की समजा, चहाच्या टपरीवर ऐकलंय. 'सूत्रांनी सांगितले' याला मी लगेच मोडीत काढत नाही. पालिकेतला कनिष्ठ अभियंता नावानिशी बोलला तर त्याची बदली होईल. पण अशा बातमीत निदान कागद तरी दिसायला हवा: प्रस्तावाचा क्रमांक, निविदेची रक्कम, पत्राची तारीख. यातलं काहीच नसेल तर ते सूत्र कदाचित नगरसेवकाचा कार्यकर्ता असेल.

हे कागद मिळणं मधल्या काळात फार अवघड झालं होतं. पूर्वी स्थायी समितीपुढे (पालिकेच्या खर्चाला मंजुरी देणारी नगरसेवकांची समिती) येणारे प्रस्ताव सदस्यांकडे आधी जायचे, आणि विरोधी पक्षातला कुणीतरी प्रत बातमीदाराच्या हातात द्यायचाच. मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार चालला. समितीच नाही म्हटल्यावर बैठकीतली भांडणंही नाहीत. त्या जवळजवळ चार वर्षांतल्या बातम्या पुन्हा काढून वाचल्यात तर 'पालिकेने म्हटले आहे' हेच जास्त सापडेल.

'संपर्क होऊ शकला नाही' हे वाक्य तर मला डोक्यात जातं. बऱ्याचदा रात्री साडेनऊला एक रिंग दिलेली असते, एवढाच तो संपर्क.

आकडा दिसला की तो कुठे आणि कधी मोजला ते बघा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम 73. मग 'मुंबईत किती पाऊस पडला' याचं एक उत्तर कसं देणार? हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, आणि रात्री बारापर्यंतचा पाऊस मोजून 'विक्रम' छापणारे मी डेस्कवर पाहिलेत. तलावांचंही तसंच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची मिळून क्षमता 14,47,363 दशलक्ष लिटर. मे महिन्यात 'फक्त इतके टक्के साठा' अशी बातमी आली की गेल्या वर्षी त्याच तारखेला किती होता ते त्यात दिलंय का बघा. दिलं नसेल तर ती फक्त घाबरवायला लिहिली आहे.

गुन्ह्याच्या बातमीत 'गुन्हा दाखल', 'अटक' आणि 'आरोपपत्र' या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. मथळ्यात पहिल्याच पायरीवर माणूस दोषी झालेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये एफआयआर वेबसाइटवर टाकायला सांगितलं, संवेदनशील प्रकरणं सोडून. त्यामुळे पुष्कळदा मूळ तक्रार घरबसल्या वाचता येते.

स्थानिक पोर्टलबद्दल एवढंच सांगतो की बातमीच्या शेजारी कोणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा झळकतायत ते बघा आणि त्या माणसाविरुद्ध तिथे कधी काही आलंय का ते शोधा. काही पोर्टलवाले मात्र मोठ्या पेपरांच्या आधी गटाराजवळ जाऊन उभे असतात. फोटोत त्यांची चप्पल चिखलात दिसते, त्यांचं मी ऐकतो.

आता तुमची झाडं. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याला वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते आणि झाडावरही ती लावावी लागते. तुमच्या तिन्ही बातम्यांत नोटिशीचा उल्लेख तुम्ही सांगितलेला नाही. उद्या दूध आणायला जाल तेव्हा खोडावर बघा. नोटीस असेल तर झाडांची संख्या आणि हरकती कुठे, कधीपर्यंत द्यायच्या हे त्यावर वाचा, आणि तो आकडा बातमीतल्या आकड्याशी ताडून पाहा. तिथे काहीच नसेल तर टी विभागाच्या, म्हणजे तुमच्या मुलुंडच्या, उद्यान खात्यात जाऊन प्रस्ताव आलाय का ते विचारा. ते तोंडी सांगायला टाळाटाळ करत असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये लागतात.