ट्रान्सकाय नावाचा देश खरंच होता का? आणि हे नाव आलं कुठून?

जुन्या टपाल तिकिटांच्या वहीत ‘ट्रान्सकाय’ सापडलं, पण नकाशात काही सापडेना, असं तुम्ही लिहिलंय. शाळेत असताना माझ्याकडेही त्याची दोन तिकिटं होती आणि मीही ॲटलास उलटापालटा केला होता.

आधी नाव. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेला ‘काय’ नावाची नदी आहे. (हो, नदीचं नाव काय, तर काय!) लॅटिनमध्ये ‘ट्रान्स’ म्हणजे पैल आणि ‘सिस’ म्हणजे ऐल. नदीपलीकडचं ते ट्रान्सकाय, अलीकडचं ते सिसकाय. पण अलीकडचं कुणाच्या? केप वसाहतीकडून पूर्वेला सरकत आलेल्या गोऱ्यांच्या. ट्रान्सकायच्या राजधानीत, उमटाटात जन्मलेल्या माणसाला सिसकायच पैलतीर. तिथले खोसा लोक या नदीला ‘इन्सिबा’ म्हणतात. त्यातला ‘स’ म्हणजे आपण हळहळताना ‘च्च’ करतो, तसा जिभेचा आवाज.

दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी गोऱ्या सरकारचा दावा असा, की प्रत्येक जमात हे वेगळं राष्ट्र आहे, म्हणून प्रत्येकीला तिची ‘मायभूमी’. मग एकाच भाषेच्या खोसांना ट्रान्सकाय आणि सिसकाय अशा दोन का? कारण इंग्रजांनी हे मुलूख वेगवेगळ्या काळात गिळले होते आणि कारभारही वेगळा ठेवला होता. सिद्धांत गेला चुलीत, जुन्या सरहद्दी तेवढ्या राहिल्या. विरोधक या मायभूमींना ‘बंटुस्तान’ म्हणत. त्यातलं ‘स्तान’ आपल्याकडचं. हा शब्द निघाला तेव्हा फाळणी ताजी होती.

26 ऑक्टोबर 1976 ला ट्रान्सकाय ‘स्वतंत्र’ झालं. पंतप्रधान कैझर मटांझिमा, नात्याने नेल्सन मंडेलांचे पुतणे, पण राजकारणात दुसऱ्या टोकाला. संयुक्त राष्ट्रांनी हे स्वातंत्र्य तत्काळ अमान्य केलं. मान्यता देणारा देश एकच : दक्षिण आफ्रिका. खरी मेख नागरिकत्वात होती. जोहान्सबर्गमध्ये जन्मलेला, ट्रान्सकाय कधी पाहिलंही नाही असा खोसा माणूसही त्या दिवशी कागदोपत्री परका झाला. मतदानाचा हक्क मागायचाच तर तिकडे जाऊन माग!

आणि गंमत बघा, 1978 मध्ये ट्रान्सकाय मागत असलेला ईस्ट ग्रिक्वालँड हा भाग दक्षिण आफ्रिकेने आपल्याच नाताळ प्रांताला दिल्यावर मटांझिमा भडकले आणि दक्षिण आफ्रिकेशीच राजनैतिक संबंध तोडून बसले. म्हणजे आपल्याला देश मानणाऱ्या एकमेव देशाशी कट्टी! पैसा मात्र तिथूनच येत होता, त्यामुळे दोन वर्षांत गट्टी झाली.

1987 मध्ये बंटू होलोमिसा या सेनाधिकाऱ्याने सत्ता घेतली आणि पुढे त्याने बंदी असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला, म्हणजे मंडेलांच्या पक्षाला, आसरा दिला. 27 एप्रिल 1994 ला, सर्व वंशांना मत असलेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, ट्रान्सकाय आणि सिसकाय दोन्ही दक्षिण आफ्रिकेत परत मिसळले. आता दोन्हींचा जवळजवळ सगळा भाग ईस्टर्न केप प्रांतात आहे. उमटाटाचं म्थाथा झालं, पण जुनी माणसं अजून ‘मी ट्रान्सकायचा’ असंच सांगतात.