स्लाइडवर कॅन्सर, अंगावर पुरळ

प्रिय डॉक्टर,

तुझ्या पेशंटचा बायॉप्सी रिपोर्ट वाचला. ‘सीडी ३० पॉझिटिव्ह’ (पेशींवरची एक खूण) आणि ‘लिम्फोमा’ (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) हे शब्द दिसले आणि तू त्याला केमोसाठी पाठवायला निघालीस. थांब जरा. रिपोर्ट चुकीचा नाही, पण पॅथॉलॉजिस्टने पेशंट पाहिलेला नाही. तू पाहिला आहेस. त्याला विचार, या गाठी आपोआप जातात का?

लालसर गाठ येते, मधोमध काळी खपली धरते, काही आठवड्यांत बसते, मागे डाग किंवा छोटा खळगा राहतो. तोवर शेजारी नव्या आलेल्या असतात. असं वर्षानुवर्षं चाललं असेल, तर लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस मनात धर. १९६८ साली मॅकॉले यांनी हे नाव दिलं, ते याच विसंगतीवर बोट ठेवून: सूक्ष्मदर्शकाखाली घातक, अंगावर मात्र आपोआप बरं होणारं. पेशंट बहुधा ‘काहीतरी चावतंय’ म्हणत मलमं लावून आलेला असतो.

या आजाराने माणूस सहसा दगावत नाही. पण म्हणून त्याला ओपीडीतून कायमचं मोकळं करू नकोस. यातल्या काहींना हॉजकिन, मायकोसिस फंगॉइडिस किंवा अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल या तीनपैकी एखादा लिम्फोमा होतो. कधी आधी, कधी सोबत, कधी कित्येक वर्षांनी. गंमत म्हणजे लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिसचे ए, बी आणि सी प्रकार स्लाइडवर अनुक्रमे याच तिघांसारखे दिसतात. आणि साम्य केवळ दिसण्यापुरतं नाही. १९९२ साली एका पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या या गाठी, त्वचेचा टी-सेल लिम्फोमा आणि हॉजकिन हे तिन्ही एकाच टी-पेशीच्या (एका प्रकारच्या लिम्फोसाइटच्या) वंशातले निघाले.

गाठी थोड्या असतील तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. फार असतील तर फोटोथेरपी (अतिनील किरणांचा उपचार) किंवा कमी डोसचं मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच. चिठ्ठीवर वार लिही, घरच्यांनाही सांग. रोज घेतलं तर जिवावर बेततं. औषध थांबलं की गाठी बहुधा परततात, आणि औषधाने पुढच्या लिम्फोमाचा धोका कमी होतो असं दिसलेलं नाही, हेही त्याला आधीच सांगून ठेव.

दर फॉलोअपला कपडे उतरवून पूर्ण त्वचा बघ. मान, काख, जांघ चाचप. ताप, रात्रीचा घाम, वजन यांची चौकशी कर. एखादी गाठ वाढत चालली आणि बसेना, तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नकोस, तिची नव्याने बायॉप्सी घे. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर ‘गाठी आपोआप बसतात’ एवढं मात्र न विसरता लिही.

तुझे सर