पहिल्या काही महिन्यांत विक्री थंडावली म्हणजे हँडहेल्ड कन्सोल (हातात धरून गेम खेळायचं यंत्र) फसला असं समजायचं का? थ्रीडीएसचं नेमकं काय झालं होतं?

प्रश्नात तुम्ही निन्टेन्डो थ्रीडीएसचं उदाहरण दिलंय. २०११ मध्ये ते आलं तेव्हा चार-पाच महिन्यांत लोक त्याला अपयशी ठरवून मोकळे झाले होते, आणि पुढे त्याचेच साडेसात कोटींहून जास्त नग विकले गेले. हे कसं घडलं, आणि नवं यंत्र घ्यायला निघालेल्याने पहिल्या महिन्यांचे आकडे कितपत मनावर घ्यावेत, असं तुम्ही विचारताय.

त्या वर्षी मी नोकरीनिमित्त जपानमध्ये, कावासाकीला राहत होतो आणि पहिल्या आठवड्यातच थ्रीडीएस घेतलं होतं. त्यामुळे ते वर्ष मी आतून पाहिलंय. जरा सविस्तर लिहितो.

थ्रीडीएस जपानमध्ये २६ फेब्रुवारी २०११ ला आलं, किंमत २५,००० येन. पहिल्या दोन दिवसांत पावणेचार लाखांच्या आसपास नग गेले. दुकानांबाहेर पहाटेपासून रांगा होत्या, टीव्हीवर त्याच बातम्या. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र विक्री उतरायला लागली, आणि दोन आठवडे होतात न होतात तोच ११ मार्चचा भूकंप आणि त्सुनामी. त्यानंतर आमच्याकडे पाळीपाळीने वीज जायची, संध्याकाळी दुकानं अर्ध्या दिव्यांवर चालायची. खेळण्यांच्या दुकानाकडे पाय वळावेत असे ते दिवसच नव्हते.

म्हणून बरेच जण आजही म्हणतात की भूकंपाने थ्रीडीएसचं नुकसान केलं. जपानपुरतं ते थोडंफार खरं असेल. पण मार्चच्या अखेरीस ते युरोपात आणि अमेरिकेत आलं. तिथे भूकंप नव्हता, पण मालाला उठावही नव्हता. मार्चअखेर जगभरात ४० लाख नग विकायचा कंपनीचा अंदाज होता, विकले गेले ३६ लाख १० हजार. इथवर फार वाईट नाही. खरा धक्का पुढच्या तिमाहीत बसला: एप्रिल ते जून मिळून अख्ख्या जगात ७ लाख १० हजार, त्यातले अमेरिका खंडात फक्त १ लाख १० हजार. आणि वर्षभराचं लक्ष्य होतं १ कोटी ६० लाखांचं.

'उठाव' हा शब्द मी सवयीने वापरला. आमच्या अण्णांचं सांगलीत कापडाचं दुकान होतं. माल वाईट असणं आणि मालाला उठाव नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी लहानपणी त्यांच्याकडूनच ऐकलंय. मालात खोट असेल तर गिऱ्हाईक परत येऊन भांडतं. उठाव नसेल तर ते आतच येत नाही. मग बघायचं ते एवढंच, की त्याने आज आत का यावं याचं काही कारण आपण त्याला दिलंय का. थ्रीडीएसच्या बाबतीत ते कारणच नव्हतं.

पहिली अडचण थ्रीडीचीच. चष्म्याशिवाय खोली दिसणारा पडदा ही त्याची सगळ्यात मोठी जाहिरात, आणि नेमकी तीच गोष्ट टीव्हीवर, छापील जाहिरातीत किंवा इंटरनेटवर दाखवता येत नाही. मी यंत्र घेतलं त्या रविवारी स्काइपवर घरी दाखवायला गेलो. वरचा पडदा कॅमेऱ्यासमोर धरला, बाजूची पट्टी वर सरकवून थ्रीडी पूर्ण वाढवलं. पलीकडून आई म्हणाली, "अरे, चित्र हललंय, सगळं दोन-दोन दिसतंय." दिसणारच. त्या पडद्यावर प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं चित्र असतं, उभ्या पट्ट्यापट्ट्यांत मिसळलेलं. पडद्यातला एक बारीक अडसर उजव्या डोळ्याचं चित्र उजव्याला आणि डाव्याचं डाव्याला पोचवतो. कॅमेऱ्याला डोळा एकच, त्यामुळे त्याला दोन्हींची सरमिसळ दिसते. समोर बसलेल्या माणसानेसुद्धा ते ठरावीक अंतरावर, नाकासमोर सरळ धरावं लागायचं. जरा तिरकं झालं की चित्र फाटायचं. निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी त्या वसंतात गुंतवणूकदारांसमोर हेच कबूल केलं होतं, की हातात घेतल्याशिवाय याची किंमत कळत नाही आणि लोकांपर्यंत ते पोचवणं आम्हाला जमलेलं नाही.

सप्टेंबरात गणपतीसाठी मी सांगलीला आलो तेव्हा तेच यंत्र आईच्या हातात दिलं. तिने चष्मा पुसला, पडद्यात पाहिलं आणि आतल्या कुत्र्याला हात लावायला बोट पुढे केलं. मार्चमध्ये अर्धा तास बोलून जे सांगता आलं नव्हतं, ते दहा सेकंदांत झालं. पण जगभरातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात कोण नेऊन देणार?

दुसरी अडचण नावाची. कंपनीचं आधीचं हँडहेल्ड म्हणजे डीएस, मग डीएस लाइट, मग डीएसआय, मग त्याचंच मोठं रूप, आणि आता थ्रीडीएस. कोणत्याही आईबापांना हे जुन्याच डीएसचं आणखी एक मॉडेल वाटणार. घरात मुलाकडे डीएस आहे, ते नीट चालतंय, मग जवळजवळ दुप्पट पैसे कशासाठी? दीडेक वर्षाने वी यू या कन्सोलच्या वेळी कंपनीने नावाची हीच चूक पुन्हा केली, आणि तो मात्र शेवटपर्यंत सावरला नाही.

तिसरी अडचण माझ्या मते सगळ्यात मोठी: खेळायला काही नव्हतं. जपानमध्ये पहिल्या दिवशी आठ गेम होते आणि त्यांत निन्टेन्डोचा स्वतःचा एकच, कुत्र्यामांजरांचा. मारिओ नाही, झेल्डा नाही, म्हणजे निन्टेन्डोच्या सगळ्यात गाजलेल्या मालिकाच नाहीत. ज्या ई-शॉपमधून गेम उतरवून घ्यायचे ते दुकानच जूनमध्ये उघडलं. इंटरनेट ब्राउझरही तेव्हाच आला. जूनच्या मध्यावर झेल्डा आला, पण तोही १९९८ च्या गेमचा नवा साज. एव्हाना लोकांच्या खिशात स्मार्टफोन होते आणि त्यांवर फुकट किंवा शे-दोनशे येनमध्ये गेम मिळत होते. इकडे एका गेमचे पाच हजार येन.

त्या काळात उठाव मोजायचं माझं स्वतःचं एक माप होतं. थ्रीडीएस बंद करून खिशात ठेवलं तरी ते आसपासच्या थ्रीडीएसशी आपोआप ओळखदेख करतं. जपानीत याला 'सुरेचिगाई' म्हणतात, म्हणजे एकमेकांच्या जवळून जाणं. कुणी जवळून गेलं की कोपऱ्यातला छोटा दिवा हिरवा होतो, आणि उघडल्यावर त्या अनोळखी माणसाचं कार्टून दारात उभं राहून नमस्कार करतं. मी रोज लोकलने कावासाकीहून शिनागावाला जायचो. जपानमधली ती गर्दी, आणि तरी मे-जूनमध्ये आठवड्याला दोन किंवा तीन माणसं भेटायची. त्यातला एक तर नेहमीचाच झाला होता, बहुतेक माझ्याच गाडीने जाणारा. पूर्ण उन्हाळा मी त्या एका हिरव्या दिव्याची वाट पाहत काढला.

मग २८ जुलै आला. कंपनीने तिमाहीचा २,५५० कोटी येनचा तोटा जाहीर केला. वर्षाच्या नफ्याचा अंदाज ११,००० कोटींवरून २,००० कोटी येनवर आणला आणि ११ ऑगस्टपासून थ्रीडीएसची किंमत २५,००० वरून थेट १५,००० येन होणार असं त्याच दिवशी सांगितलं. अमेरिकेत २५० डॉलरचं यंत्र १७० ला आलं. बाजारात येऊन सहा महिनेही झाले नव्हते. इतक्या लवकर इतकी मोठी कपात त्यांनी आधी कधीच केली नव्हती. इवातांनी स्वतःचा पगार निम्मा केला, बाकीच्या वरिष्ठांनी २० ते ३० टक्के सोडला. जपानी कंपन्यांत चूक पदरात घेण्याची ही रीत आहे, पण ती जाहीरपणे होताना पाहणं वेगळं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळे त्याबद्दलच बोलत होते.

अण्णांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "मग ज्यांनी आधीच्या भावाने घेतलं, त्यांचं काय?" दुकानदाराला ते बरोबर कळतं. भाव पाडला की नवं गिऱ्हाईक येतं, पण ज्याने विश्वासाने पहिल्या दिवशी पैसे मोजले तो दुखावतो, आणि पुढच्या वेळी तोही थांबून राहतो. निन्टेन्डोने त्यावर काय केलं ते मला आजही आवडतं. जुन्या किमतीने घेतलेल्या सगळ्यांना २० जुने गेम मोफत दिले, दहा फॅमिकॉमचे आणि दहा गेमबॉय अॅडव्हान्सचे (ही दोन्ही निन्टेन्डोचीच जुनी यंत्रं). फॅमिकॉमचे दहा जपानमध्ये १ सप्टेंबरला आले, नेमके गणेश चतुर्थीच्या दिवशी. त्यात बलून फाइट होता. फॅमिकॉमवरच्या त्या गेमचा प्रोग्रॅम इवातांनी तरुणपणी स्वतः लिहिला होता. आरती झाल्यावर मी आणि पुतणी सोप्यात बसून तो खेळलो. चूक कबूल करणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने बनवलेली वस्तू पाठवावी, तसं मला त्या संध्याकाळी वाटलं.

कपातीचा परिणाम लगेच दिसला. आदल्या आठवड्यात जपानमध्ये जेमतेम चार-पाच हजार नग गेले होते (भाव उतरणार हे जाहीर झाल्याने लोक थांबलेही होते), नवा भाव लागू झाला त्या आठवड्यात दोन लाखांच्या आसपास गेले. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. नुसत्या किंमत-कपातीने यंत्र वाचत नाही. कपात झाल्यावर यंत्र उत्पादन खर्चापेक्षा कमी भावात जात होतं. म्हणजे विक्री वाढेल तितका तोटाही वाढणार. त्या आर्थिक वर्षाअखेर निन्टेन्डोला ४,३२० कोटी येनचा निव्वळ तोटा झाला. कपातीने फक्त दार उघडलं. लोक आत आले ते गेम्समुळे.

नोव्हेंबरात सुपर मारिओ थ्रीडी लँड आला, डिसेंबरात मारिओ कार्ट ७ आला, आणि १० डिसेंबरला जपानमध्ये मॉन्स्टर हंटरचा नवा भाग आला. शेवटचं नाव महत्त्वाचं आहे. मॉन्स्टर हंटर ही कॅपकॉम या गेम कंपनीची मालिका, आणि जपानमध्ये सोनीचं पीएसपी हे हँडहेल्ड विकलं गेलं ते मोठ्या प्रमाणावर तिच्यामुळे. मुलं चौघाचौघांचे गट करून मॅकडोनाल्ड्समध्ये बसून तासन्‌तास तो खेळायची. ती मालिका निन्टेन्डोने सप्टेंबरात स्वतःकडे आणल्याचं जाहीर केलं. त्यासाठी थ्रीडीएसला उजव्या बाजूने आणखी एक गोल कळ जोडणारा वेगळा सांगाडासुद्धा काढला. दिसायला ओबडधोबड, पण लोकांनी घेतला.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी शिनागावाला उतरून मी यंत्र उघडलं तर दारात दहा जण उभे. एका वेळी दहाच मावतात. त्यांना आत घेतलं, बंद केलं, संध्याकाळी पुन्हा दहा. वृत्तपत्रातले आकडे मी नंतर वाचले, मला त्या सकाळीच कळलं होतं.

आता याच्या शेजारी सोनीचं पीएस व्हिटा, म्हणजे पीएसपीनंतरचं हँडहेल्ड, ठेवून बघा. ते १७ डिसेंबर २०११ ला, म्हणजे मॉन्स्टर हंटरनंतर बरोबर एका आठवड्याने जपानमध्ये आलं. यंत्र म्हणून ते थ्रीडीएसपेक्षा कितीतरी सरस: पाच इंची ओलेड पडदा, दोन अॅनालॉग कळा, मागेही स्पर्शाने चालणारी पाटी. मी दुकानात हातात घेतलं तेव्हा मन खरंच डगमगलं होतं. पहिल्या दोन दिवसांत सव्वातीन लाखांच्या आसपास नग गेले, पुढच्या आठवड्यात सत्तर हजारांवर. घसरण थ्रीडीएससारखीच. पण जपानमध्ये किंमत उतरवायला फेब्रुवारी २०१३ उजाडावा लागला. मेमरी कार्ड फक्त सोनीचंच चालायचं आणि ते महाग होतं, अमेरिकेत ३२ जीबीचं जवळजवळ १०० डॉलरला. आणि ज्या गेमसाठी पीएसपीवाले नवं यंत्र घेणार होते, तो गेम शेजारच्या दुकानात गेला होता. व्हिटावर चांगले गेम आले, त्याचे चाहते आजही जिवापाड सांभाळतात. पण सोनीने स्वतःचे मोठे गेम त्यासाठी करणं हळूहळू थांबवलं, आणि २०१९ मध्ये उत्पादनही बंद झालं.

दोघांची सुरुवात एकसारखी आणि शेवट वेगळा. म्हणून पहिल्या तिमाहीच्या आकड्यावरून मी कुठल्याही यंत्राचं भविष्य सांगणार नाही. थ्रीडीएसचं थ्रीडी हेसुद्धा शेवटी मुख्य कारण राहिलं नाही. २०१३ मध्ये निन्टेन्डोने थ्रीडी काढून टाकलेलं स्वस्त टूडीएस आणलं आणि लहान मुलांच्या घरांत तेही भरपूर खपलं.

तुमच्या खरेदीबद्दल सांगायचं तर मी दोन गोष्टी पाहीन. कंपनी त्या यंत्रासाठी स्वतःचे मोठे गेम तारखेसह जाहीर करतेय का? आणि तुमच्या मित्रमंडळात ज्या गेमची चर्चा आहे, तो त्यावर येणार आहे का? दोन्ही असेल तर मंदावलेल्या विक्रीने घाबरू नका. उलट पाच-सहा महिने थांबायची तयारी असेल तर कदाचित स्वस्तात मिळेल. यातलं काहीच नसेल तर सवलत कितीही मोठी असो, मी घेणार नाही.

तुम्ही नेमकं कोणतं यंत्र घ्यायचं म्हणताय ते प्रश्नात नाही. खाली लिहिलंत तर त्याच्या येणाऱ्या गेम्सची यादी बघून सांगतो.