वाहनविषयक प्रश्नोत्तरे : मुलीसाठी जुनी युरोपीय गाडी घेताना

प्रश्न : माझी मुलगी वीस वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिला पक्का परवाना मिळाला असून सध्या ती तिच्या मामाच्या वॅगन-आरवर सराव करते. जूनपासून तिला इंटर्नशिपसाठी कोथरूडहून हिंजवडीला जायचे आहे, म्हणजे रोज जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. मी स्वतः गाडी चालवत नाही. साडेचार लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे आणि मुलीचा हट्ट दणकट, युरोपीय गाडीचाच आहे. आम्ही तीन गाड्या पाहिल्या : 2014 ची फोक्सवॅगन पोलो 1.2 पेट्रोल मॅन्युअल, 2015 ची पोलो जीटी टीएसआय ऑटोमॅटिक, आणि 2013 ची फियाट पुंटो डिझेल, जी तिन्हींत स्वस्त आहे. यांपैकी कोणती घ्यावी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुम्ही 1.2 पेट्रोल मॅन्युअल पोलो घ्यावी, असे माझे मत आहे. मात्र तिची सर्व्हिसची बिले पाहायला मिळाली तरच, आणि साडेचार लाखांतले निदान साठ-सत्तर हजार रुपये पहिल्या कामासाठी हाताशी उरणार असतील तरच. जुन्या युरोपीय गाडीत माणूस फसतो तो बहुधा इथेच. गाडीची किंमत वर्षागणिक उतरत जाते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही, आणि विकणाऱ्याने शेवटच्या दोन वर्षांत जो खर्च टाळलेला असतो तो सगळा घेणाऱ्याच्या पहिल्या सहा महिन्यांत वसूल होतो.

पोलो 2010 मध्ये आपल्याकडे विक्रीला आली आणि 2022 मध्ये बंद झाली. ती चाकणलाच तयार होत असल्यामुळे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या परिसरात तिचे काम हातखंडा असलेले, कंपनीबाहेरचे मेकॅनिक आजही सहज सापडतात, ही तुमच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे. 1.2 पेट्रोलचे इंजिन तीन सिलिंडरचे आणि सुमारे 75 पीएस (म्हणजे अश्वशक्ती) ताकदीचे आहे. एसी लावून चांदणी चौकाचा चढ चढताना तिला धाप लागते आणि गिअर खाली घ्यावा लागतो. तुमची मुलगी यावर नाक मुरडण्याची शक्यता आहे, पण दीड वर्षाचाच अनुभव असलेल्या चालकाला गाडीचा हा मवाळ स्वभाव मानवतो. स्टिअरिंग नेमके, ब्रेक भरवशाचे आणि हायवेवर ट्रकच्या शेजारून जाताना न डगमगणारी बांधणी, हे तिचे खरे गुण आहेत.

दणकटपणाबद्दल मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2014 च्या सुरुवातीला भारतीय गाड्यांच्या पहिल्या धडक-चाचण्या जाहीर केल्या, तेव्हा एअरबॅग नसलेल्या पोलोला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या त्याच पोलोला चार. पत्रा तोच आणि सांगाडाही तोच असताना हा फरक पडला. त्यानंतर कंपनीने दोन एअरबॅग सर्वच पोलोंमध्ये देण्यास सुरुवात केली. तुमची गाडी नेमकी त्या सीमेवरच्या वर्षातली आहे, त्यामुळे नोंदणीच्या तारखेवर विसंबू नका. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळे दिलेले असते, ते पाहा. मग इंजिन चालू न करता चावी फिरवा. एअरबॅगचा आणि एबीएसचा (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझणारा दिवा बिघाड दाखवतो, परंतु मुळातच न लागणारा दिवा अधिक संशयास्पद समजावा, कारण दोष लपवण्यासाठी तो बंद केलेला असू शकतो.

जीटी टीएसआय चालवायला सर्वांत आनंददायक आहे यात वाद नाही. तिचे 105 पीएसचे इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी हा स्वयंचलित गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर सुरेख चालतात. पण हा गिअरबॉक्स कोरड्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या, दुहेरी क्लचचा आहे. बावधनपासून वाकडपर्यंत संध्याकाळी गाड्या जशा इंच-इंच सरकतात, तशा सरकण्यात क्लच सतत अर्धवट घासत राहतो आणि तापतो. शिवाय गिअर बदलणारा मेकाट्रॉनिक हा भाग बिघडला तर दुरुस्ती लाखाच्या घरात जाते. दहा वर्षांच्या गाडीवर तुम्ही तेवढी जोखीम घ्यावी असे मला वाटत नाही. तरीही मन तिच्यावरच बसले असेल, तर अर्धा तास गर्दीतच चालवून पाहा आणि पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना हिसका जाणवला तर तिथेच विषय सोडा.

पुंटोबद्दल लिहिताना माझा हात जरा अडखळतो, कारण ती मला मनापासून आवडते. रांजणगावला तयार झालेली ही गाडी खराब रस्त्यावर आजही कितीतरी नव्या गाड्यांना लाजवेल. तिचे 1.3 मल्टिजेट इंजिन आपल्याकडच्या स्विफ्टसह इतर अनेक गाड्यांत बसत होते, त्यामुळे इंजिनाच्या सुट्या भागांची चिंता नाही. अडचण येते ती हेडलॅम्प, बंपर, दाराचे लॉक, स्टिअरिंगचे भाग अशा फक्त पुंटोच्या वस्तूंची. फियाटचा गाशा आपल्याकडून गुंडाळला गेल्याला आता बरीच वर्षे झाली आहेत आणि नव्या चालकाच्या हातून बंपर तर घासणारच. शिवाय काही पुंटोंमध्ये एअरबॅगच नव्हत्या. रोजच्या तीस किलोमीटरसाठी डिझेलचा फायदाही फारसा पदरात पडत नाही. शौकाची दुसरी गाडी म्हणून तिचा विचार करता येईल, मुलीची पहिली गाडी म्हणून नाही.

आता गाडी पाहण्याविषयी. ती सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना पाहायची, आणि आम्ही येण्यापूर्वी चालू करू नका असे आदल्या दिवशी सांगून ठेवायचे. बोनेटला हात लावून ते गार असल्याची खात्री करा. सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत इंजिनातून साखळीसारखा खडखडाट आला, किंवा गतिरोधकावरून हळू जाताना पुढच्या चाकांपाशी ठकठक ऐकू आली, तर त्या खर्चाचा अंदाज मेकॅनिककडून घेऊनच भाव करा. पुढच्या सस्पेन्शनमधल्या लोअर आर्मचे रबरी बुश आणि दारांची लॉक ही पोलोची नेहमीची दुखणी आहेत. ती महाग असली तरी गाडी नाकारण्याजोगी नाहीत. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो. 3219 असेल तर तो टायर 2019 च्या बत्तिसाव्या आठवड्यातला आहे, आणि त्याची नक्षी कितीही चांगली दिसत असली तरी तो बदलण्याचा खर्च हिशेबात धरायचा. फोक्सवॅगनचा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये गाडी लावून साठलेले दोष वाचून घ्या. या तपासणीला जे हजार-दोन हजार लागतील ते वाचवू नका, आणि विकणाऱ्याने सुचवलेल्या मेकॅनिककडे तर मुळीच जाऊ नका.

पुण्यात आणखी एक तपासणी करावी लागते, ती पाण्याची. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात अरण्येश्वर, सहकारनगर भागांत कितीतरी गाड्या वाहून गेल्या किंवा बुडाल्या, आणि जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. त्यातल्या काही गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या नसतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. 2020 मध्ये मी माझ्या मावसभावाबरोबर अशीच एक पोलो पाहायला गेलो होतो. बाहेरून गाडी लख्ख होती, आत सुगंधी फवारा मारलेला होता आणि एजंट फार अगत्याने बोलत होता. मी चालकाचा सीट बेल्ट सवयीने अगदी शेवटपर्यंत ओढला, तर एरवी आत गुंडाळून राहणाऱ्या शेवटच्या हातभर पट्टीवर तपकिरी रंगाची सरळ रेघ होती. डिकीतली स्टेपनी उचलली, तेव्हा तिच्या खाचेत वाळलेल्या गाळाची पापडी निघाली. एजंट म्हणाला, “साहेब, पावसाळ्यात थोडं पाणी येतंच.” आम्ही चहा न घेता निघालो. बुडालेल्या गाडीचे इंजिन उघडून दुरुस्त करता येते; पण युरोपीय गाडीतले वायरिंगचे जोड आणि कंट्रोल युनिट एकदा गंजायला लागले, की दोष सापडता सापडत नाहीत आणि प्रत्येक भेटीचे बिल मात्र होते.

गाडी कोणाच्या नावावर घ्यायची हे तुम्ही विचारलेले नाही, पण ते महत्त्वाचे आहे. तुमच्याकडे परवाना नसेल तर गाडी मुलीच्याच नावावर घ्या, कारण मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा हा स्वतः परवाना असलेल्या नोंदणीकृत मालकालाच मिळतो. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता आपल्याकडे चालकाच्या वयावर ठरत नाही, इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो : 2022 मध्ये लागू झालेल्या दरांनुसार 1000 ते 1500 सीसीसाठी वर्षाला 3416 रुपये, आणि त्यापुढे 7897 रुपये, अधिक कर. 1.2 पोलो पहिल्या गटात बसते.

प्रश्न : मुलगा नुकताच अठरा वर्षांचा झाला आहे. आमच्या परिचयातून 2011 ची एक मोठी जर्मन डिझेल सेडान सहा लाखांत मिळते आहे. नव्या छोट्या गाडीच्या किमतीत एवढी गाडी मिळत असेल तर का सोडावी, असे तो म्हणतो. त्याला काय सांगू?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : त्याला सांगा की गाडी सहा लाखांना मिळत असली तरी तिचे हेडलॅम्प, ब्रेक आणि सस्पेन्शन ज्या किमतीला मिळतात ती तीस-पस्तीस लाखांच्या गाडीची किंमत आहे. अशा अनेक गाड्यांना रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, टायर असतात आणि डिकीत स्टेपनी नसते. आपल्या खड्ड्यांत वर्षाकाठी एखादा टायर गेला तरी त्याचा आकडा ऐकून तुमचे डोळे उघडतील. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचे मागचे चाक गाडी ढकलते आणि इंजिनाचा जोरही भरपूर असतो. पावसात ताम्हिणीच्या वळणावर अठरा वर्षांच्या पायाखाली असा अ‍ॅक्सिलरेटर असावा असे मला वाटत नाही. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. 2011 च्या गाडीला 2026 मध्ये तपासणी करून, पर्यावरण कर भरून, पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते, आणि तो सगळा खर्च आता मालकीण किंवा मालक होणाऱ्याच्या माथी येतो.

घरात चार माणसे आहेत म्हणून मोठीच गाडी हवी असेल, तर 2016 नंतरची स्कोडा रॅपिड 1.6 पेट्रोल मॅन्युअल पाहा. तिला टर्बो नाही, डीएसजी टाळता येतो, चाकणमध्येच बनल्यामुळे सुट्या भागांची ओढाताण नाही, आणि डिकी ऐसपैस आहे. थर्ड पार्टीचा हप्ता मात्र वरच्या गटाचा लागेल. त्याआधीची डिझेल रॅपिड मिळत असेल, तर स्कोडा ज्याचा भाग आहे त्या फोक्सवॅगन समूहाने डिझेलच्या धुराच्या चाचण्या फसवल्याच्या प्रकरणानंतर डिसेंबर 2015 मध्ये आपल्याकडच्या सुमारे 3.23 लाख डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या, हे लक्षात ठेवा. तुमच्या गाडीवर ते काम झाले का, हे चॅसिस क्रमांक देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारता येते.

प्रश्न : बंगळूरूला एक पोलो पुण्यापेक्षा तीस हजारांनी स्वस्त मिळते आहे. आणावी का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : तीस हजारांसाठी आणू नका. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), इथे पुन्हा नोंदणी, महाराष्ट्राचा एकरकमी कर आणि तिकडच्या कराच्या परताव्यासाठीचा पाठपुरावा, यांत ती बचत विरून जाते. एमएच 12 ची गाडी असेल तर फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, बँकेचे कर्ज असल्यास बँकेचे पत्र आणि फॉर्म 35, एवढ्यावर संगम पुलाजवळच्या कार्यालयाचे काम भागते. पैसे देण्यापूर्वी गाडीच्या क्रमांकावर थकलेली ई-चलाने ऑनलाइन पाहा आणि ती विकणाऱ्याकडून भरून घ्या. विमा आपल्या नावावर करण्यासाठी हस्तांतरणापासून चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) तुम्हाला मिळत नाही, कारण तो गाडीबरोबर न जाता माणसाबरोबर राहतो. तुम्ही स्वतःची आधीची गाडी गेल्या तीन वर्षांत विकली असेल, तर तुमच्या विमा कंपनीकडून त्या बोनसचे पत्र मागून घ्या; ते या पोलोच्या विम्याला लावता येईल.