जुन्या गिझरचा थर्मोस्टॅट घरी बदलता येतो का? पाणी कोमटच राहतं.

येतो, पण आधी थर्मोस्टॅटच (पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणारा भाग) गेलाय का ते बघा. एमसीबी पाडा, प्लग काढा, खालचं झाकण उघडा आणि टेस्टरने वीज नसल्याची खात्री करा. थंड गिझरमध्ये थर्मोस्टॅटच्या दोन टोकांत मल्टिमीटरवर जवळपास शून्य ओहम यायला हवेत. २००० वॅटच्या कॉइलवर साधारण २६ ओहम येतात. कॉइल आणि टाकीच्या पत्र्यात मात्र जोड दिसायलाच नको, म्हणजे मीटरवर आकडा नको, शून्यही नको. आकडा आला तर कॉइल फुटली आहे, तीही बदला.

वायरींचा फोटो काढून मग त्या सोडवा. थर्मोस्टॅटची दांडी कोरड्या नळीत बसते, त्यामुळे टाकी रिकामी करावी लागत नाही. नळीतून पाणी आलं तर नळी सडली आहे, तिथेच थांबा. नवा घेताना जुना दुकानात न्या: दांडीची लांबी तीच हवी, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. दांडी आखूड पडली तर तापमान चुकीचं कळतं.

क्लिपा घट्ट बसवा. कॉइल जवळपास ९ अँपिअर ओढते, सैल जोड जळतोच. काळी पडलेली क्लिप कापून नवी लावा. सेटिंग ६० अंश पुरे.

थर्मल कटआउट (पाणी अति तापलं की वीज तोडणारा सुरक्षेचा भाग) वारंवार पडतो म्हणून त्याला वगळून वायर थेट जोडू नका, कृपया. टाकी फुटून जीव जातो.