तारपा नाच स्टेजवर नको, मैदानात ठेवा

तुम्ही विचारलंय, ठाण्यातल्या तुमच्या कॉलनीच्या महोत्सवात वारली आदिवासी मंडळींचा तारपा नाच ठेवायचाय, स्टेजवर आठ मिनिटं मिळतील, तेवढी पुरतील का. मी कळकळीनं सांगेन, आधी स्टेजच सोडा.

असा स्टेजवरचा तारपा मी एका शहरी महोत्सवात पाहिलाय. प्रेक्षकांकडे पाठ नको म्हणून नाचणाऱ्यांना अर्धगोलात उभं केलं होतं आणि तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणाऱ्या तारपकऱ्याला माइकसमोर. फार वाईट वाटलं. अहो, तारपकरी मध्ये चालत वाजवतो आणि एकमेकांच्या कमरेत हात घातलेली साखळी त्याच्याभोवती फिरते. तो वळला की साखळी वळते, त्याच्याकडे पाठ करायची नसते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतलं वेटोळं आठवा, ते हेच.

आणि वेळ. सुरावट बदलली की पावलं बदलतात, त्याला चाळा म्हणतात. मोराचा चाळा वेगळा, देवाचा वेगळा. गावात हे रात्रभर चालतं. तुम्ही निदान तासभर द्या. वाजवणाऱ्याच्या जवळ बसून बघा: वाळवलेला दुधी, खाली बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानाचं भोंगं. गाल फुगलेले, श्वास नाकानं आत जातोय आणि सूर कुठेही तुटत नाही.

तारीख त्यांना विचारूनच ठरवा. हा नाच नव्या भाताच्या दिवसांतला, दिवाळीच्या आगेमागे रंगणारा. मानधन आधी बोला. जव्हार-विक्रमगडकडून येणार असतील तर जायची-यायची गाडी आणि रात्रीचं जेवण तुमच्याकडे. ‘पिसं-पानं लावून या’ असं कृपा करून सांगू नका. वारली बायका गुडघ्यापर्यंतचं लुगडं नेसतात, तोच त्यांचा पोशाख. शिवाय वारली लांबूनच आणावे लागतात असंही नाही, मुंबईत आरेमध्ये त्यांचे पाडे आहेत.

मैदानात रिंगणाच्या बाहेर भरपूर जागा मोकळी सोडा, कारण साखळी बघणाऱ्यांना आत ओढते. एकदा ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाच्या मिरवणुकीनंतर, एका मावशींनी माझा हात धरून आपल्या कमरेभोवती घेतला. मी सारखा पायांकडे बघत अडखळत होतो. पुढचा गडी घुंगरांची काठी जमिनीवर आपटत होता. मावशी म्हणाल्या, ‘‘पाय नको बघू, काठी ऐक.’’ तिसऱ्या फेरीला जमलं.