‘ॲप्रिहेंड’चे मराठी करताना
भाषांतराच्या कामात आपण नवे आहात, म्हणून सांगतो की ‘ॲप्रिहेंड’ दिसताच ‘अटक करणे’ लिहून मोकळे होऊ नका. ‘पकडणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘प्रेहेन्देरे’ला ‘आद्’ हा उपसर्ग लागून बनलेले हे क्रियापद पोलिसांच्या बातमीत चोर पकडते, तत्त्वज्ञानाच्या गद्यात अर्थ पकडते, आणि ‘ॲप्रिहेन्शन’ हे त्याचे नाम आज बहुधा मनातली धास्ती सांगते. त्याच मुळातून फ्रेंचमार्गे ‘प्रिझन’ आणि ‘ॲप्रेंटिस’ हे दोन्ही शब्द आले. कैदी आणि शिकाऊ उमेदवार एकाच घरचे निघावेत, ही गंमतच! संस्कृत ‘ग्रह्’ धातूचाही अर्थ पकडणे असाच असून ‘ग्रहण’ या शब्दात चंद्राचे ग्रासले जाणे आणि ज्ञान घेणे दोन्ही सामावते, म्हणून आकलनाच्या अर्थी मी ‘समजणे’पेक्षा ‘ग्रहण करणे’ पसंत करतो.